पाड्यावर नेमणूक झालीय? खडू हातात घेण्याआधीची तयारी

शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर नाव लागलं आणि जिल्हा पालघर, नंदुरबार किंवा गडचिरोली आला, की नवा शिक्षक आधी तिथे नोकरी करून आलेल्या कुणाचा तरी नंबर शोधतो. रूम मिळते का, रेंज येते का, शेवटची एसटी किती वाजता, आंतरजिल्हा बदलीला किती वर्षं लागतात, हे सगळं त्या एका फोनवर कळतं. पोरांबद्दल मात्र एकच वाक्य कानावर पडतं: "पोरं गरीब आहेत हो, पण बोलतच नाहीत."

मलाही हेच सांगितलं होतं. मी मूळची लातूरकडची. २००७ साली मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर रुजू झाले. पालघर जिल्हा व्हायचा होता, तेव्हा आम्ही ठाणे जिल्ह्यात. ते वाक्य खोटं आहे हे कळायला मला चार वर्षं लागली. तुमची तेवढी जाऊ नयेत म्हणून जे आधी करायला हवं होतं ते क्रमाने लिहितेय.

पहिलं काम: कुणाच्या गावात चाललोय ते शोधा

"आदिवासी भाग" हा शब्द ऑफिसात चालतो, वर्गात त्याचा काही उपयोग नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात अनुसूचित जमातींची लोकसंख्या १ कोटी ५ लाखांच्या घरात होती, म्हणजे राज्याच्या साधारण ९.३५ टक्के. राज्याच्या यादीत चाळीसहून जास्त जमाती आहेत. पालघर-नाशिककडे वारली, कोकणा, कोळी महादेव, ठाकर, कातकरी. सातपुड्यात भिल्ल, पावरा, मावची. मेळघाटात कोरकू. यवतमाळ-चंद्रपूरकडे कोलाम, गोंड, परधान. भामरागडला माडिया. यांना एकाच पिशवीत घालणं म्हणजे लातूरच्या माणसाला आणि मालवणच्या माणसाला "तुमच्याकडचं सगळं सारखंच की" म्हणण्यासारखं आहे. म्हणून बघा एकदा दोघांना.

सगळ्यात मोठा फरक भाषेचा. वारली, कातकरी या बोली मराठीच्या शेजारच्या, कान लावला तर महिनाभरात कळू लागतात. भिलीचा ओढा गुजरातीकडे. पण गोंडी, माडिया, कोलामी या द्रविड कुळातल्या, तेलुगू-कन्नडच्या नात्यातल्या. कोरकू त्याहून वेगळी: तिचे नातेवाईक झारखंडात, मुंडारी आणि संथाली. आपण पाणी म्हणतो त्याला गोंडी पोर 'येर' म्हणतं आणि कोरकू पोर 'डा'. बुलढाण्यात जळगाव जामोदच्या भागातली निहाली तर जगातल्या कुठल्याच भाषाकुळात बसवता आलेली नाही. पहिलीच्या वर्गात मेळघाटातल्या धारणीच्या कोरकू मुलापुढे बालभारतीचं पुस्तक ठेवलं की त्याच्यापुढे काय वाढून ठेवलंय ते यावरून ओळखा.

त्यामुळे रुजू होण्याआधी चार गोष्टी विचारून घ्या: गावात कोणकोणत्या जमाती आहेत, घरात काय बोलतात, शाळेला किती पाडे जोडलेत, आणि दिवाळीनंतर माणसं कुठे जातात. हे केंद्रप्रमुखांपेक्षा अंगणवाडी सेविका नेमकं सांगते, कारण ती बहुधा तिथलीच असते. पुण्यात आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचं संग्रहालय आहे. जाता जाता एक दिवस तिथे घालवलात तर निदान तारपा हे वाद्य आहे आणि ते कसं दिसतं एवढं तरी माहीत होऊन जाल. मी गेले नव्हते. पहिल्याच वर्षी एका पोराने तारपा आणला तेव्हा मी त्याला "हा भोपळा वर्गात कशाला?" असं विचारलं होतं.

मग तोंडातले शब्द तपासा

आदिवासी, वनवासी, जनजाती, मूळनिवासी. या शब्दांमागे मोठं राजकारण आहे आणि ते तुम्ही स्टाफरूममध्ये मिटवू शकणार नाही. संविधानात शब्द आहे अनुसूचित जमाती, पण ती यादी झाली, ओळख नव्हे. संविधान सभेत आदिवासी नेते जयपालसिंग मुंडा 'आदिवासी' या शब्दासाठी भांडले होते, कारण आम्ही इथले आधीचे आहोत हे त्या शब्दात येतं. संयुक्त राष्ट्रांनी २००७ साली आदिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला, त्याच्या बाजूने भारताने मत दिलं. मात्र सगळेच भारतीय इथले मूळचे, अशी आपल्या सरकारची भूमिका राहिली आहे. माझं मत विचाराल तर 'वनवासी' हा शब्द मी वापरत नाही. वनवास भोगायला माणूस बाहेरून जातो. ही माणसं तिथे शिक्षा भोगायला गेलेली नाहीत.

वर्गापुरता सोपा नियम असा: माणूस स्वतःला जे म्हणवतो तेच म्हणा. बहुतेक जण आधी "मी वारली", "आम्ही कोकणा" असं सांगतील. आणि "या लोकांमध्ये ना…" अशी वाक्यं तोंडात येऊ देऊ नका. तुम्ही पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंसमोर बोलत असता आणि त्यांना मराठी येतं.

रामराम कसा घालायचा तेही विचारून घ्या. गोंडांमध्ये 'जय सेवा' म्हणतात, बऱ्याच ठिकाणी 'जोहार'. नंदुरबारकडे 'आप की जय' ऐकू येईल, ते गुला महाराजांच्या १९३०-४० च्या दशकातल्या चळवळीपासूनचं. आमच्या पालघरात संघटनेतली माणसं भेटल्यावर 'जिंदाबाद' म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं मोर्चा आलाय.

पहिले पंधरा दिवस: शिकवू नका, शब्द गोळा करा

रुजू झाल्यावर दुसऱ्या महिन्यातली गोष्ट. तिसरीतला एक मुलगा तीन दिवस आला नाही. चौथ्या दिवशी आला, मी हजेरी घेता घेता विचारलं, का रे आला नाहीस? तो म्हणाला, "डोसी मेली, बाई." मला वाटलं, घरची शेळी नाहीतर कोंबडी असेल. मी म्हटलं, "बरं, बस. आणि तीन दिवसांचं शुद्धलेखन पूर्ण कर." तो बसला आणि त्याने ते पूर्ण केलं. आठवड्याने अंगणवाडीच्या ताईंकडून कळलं की डोसी म्हणजे म्हातारी. त्याची आजी गेली होती. आई-बाप कामावर जायचे, त्याला तिनेच वाढवलं होतं.

हा मुलगा नंतर वर्षभर माझ्याशी बोलला नाही. तपासणीला आलेल्या साहेबांना मी काय सांगितलं असेल? "पोरं बोलतच नाहीत, सर."

तर वही करा. शंभर पानी, डाव्या बाजूला त्यांचा शब्द, उजव्या बाजूला पुस्तकातला. पोसा म्हणजे मुलगा, पोशी म्हणजे मुलगी, डोसा म्हातारा. नात्यांपासून सुरुवात करा, मग अंग, मग दुखणी (पोटात दुखतंय हे पोर कोणत्या शब्दात सांगेल हे तुम्हाला पहिल्या दिवशी माहीत हवं), मग भांडी, झाडं, पाखरं. पोरांनाच शिक्षक करा. बाईंना येत नाही आणि आपल्याला येतं, हे कळल्यावर न बोलणारी पोरं काय बोलतात ते बघा. माझ्या उच्चारांवर हसून हसून लोळायची. मी "लेकरांनो" म्हणायचे त्यावरही हसायची. खरं तर मला हे आधीच कळायला हवं होतं. डी.एड.ला असताना माझ्या लातुरी बोलण्याची शहरातल्या मुलींनी नक्कल केली होती आणि मी पुढचे सहा महिने वर्गात हात वर केला नव्हता.

पहिली-दुसरीत त्यांची बोली फळ्यावर लिहा. देवनागरीत लिहिता येते, काही बिघडत नाही. "असं नाही, असं म्हणतात" हे वाक्य टाळा. "घरी असं म्हणतात, पुस्तकात असं" एवढंच म्हणा. कुणी हरकत घेतली तर शिक्षण हक्क कायदा दाखवा: २००९ च्या कायद्याच्या कलम २९ मध्येच म्हटलंय की शक्य असेल तिथवर शिक्षणाचं माध्यम मुलाची मातृभाषा असावं. आणि हे खूळ नवंही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९५७ साली बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. गुरं राखायला गेलेली वारली पोरं शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात नेली. त्याला नावच 'कुरणशाळा' पडलं. आज आपण पोर गैरहजर दिसलं की शेरा मारतो.

महिनाभरात: त्यांचा इतिहास वाचा, कारण तो शाळेच्या पायरीवर बसलेला असतो

पालकसभेला बाप येतो तेव्हा बघा. चपला लांब काढतो, आत येत नाही, पायरीखाली उकिडवा बसतो. सही करायला कागद दिला की हात आखडतो. नवीन माणूस याला म्हणतो, पालक उदासीन आहेत. मीही अहवालात तसंच लिहिलंय.

मग एका म्हाताऱ्या बाबांनी मला लग्नगडी या शब्दाचा अर्थ सांगितला. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घ्यायचे आणि त्या कर्जापायी नवरा-बायकोने दोघांनी त्याच्या घरी राबायचं. कर्ज कधी फिटायचं नाही. जमीन आधीच गेलेली, तीही कागदावर उठवलेल्या अंगठ्यानेच. शिवाय वेठ होती: जमीनदाराने बोलावलं की फुकट कामाला जायचं. डहाणू, तलासरी, उंबरगाव या पट्ट्यात हे सगळं १९४० च्या दशकापर्यंत चालू होतं. २३ मे १९४५ ला उंबरगाव तालुक्यातल्या झरी गावात हजारो वारली जमले आणि वेठबिगार करायची नाही असं ठरलं. किसान सभेचे शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्यासोबत होते. वेठ गेली, लग्नगडी सुटले. मग गवतकापणीच्या मजुरीसाठी संप झाला आणि १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे गेले. तलासरीकडे आजही त्या दिवशी माणसं जमतात. उंबरगाव १९६० नंतर गुजरातेत गेलं, त्यामुळे ही गोष्ट दोन्ही राज्यांच्या पुस्तकांच्या मधल्या फटीत पडली.

आता तो बाप आणि तुमचा कागद पुन्हा बघा. ज्याच्या आजोबांची जमीन अंगठ्याने गेली त्याला सही मागताना आधी कागद वाचून दाखवायचा असतो. पूर्ण, सावकाश, आणि "हा कशाचा कागद आहे" हे त्याच्या बोलीत सांगून. मी हे सुरू केलं तेव्हा सभा अर्धा तास लांबायला लागल्या. लांबू द्या.

जंगलाचंही तसंच. एखादं पोर खाकी कपडे बघून वर्गाच्या मागच्या दाराने निघून जातं. १८७८ च्या आणि पुढे १९२७ च्या वन कायद्याने ज्या रानात आजोबा कसत होते, मध काढत होते, ते सरकारजमा झालं आणि आजोबा चोर ठरले. तेव्हापासून सरकारी माणूस आला म्हणजे कोंबडं द्या नाहीतर दंड भरा, ही आठवण घरात आहे. २००६ चा वनहक्क कायदा त्यावरचा उपाय म्हणून आला. त्याचा दावा, नकाशा, जीपीएस मोजणी हे शब्द तुमच्या पाचवीतल्या पोरांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतील. गडचिरोलीतलं मेंढा-लेखा हे सामूहिक वनहक्क मिळालेलं देशातलं पहिलं गाव. "आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा तिथली. नागरिकशास्त्रात ग्रामसभा शिकवताना यापेक्षा चांगलं उदाहरण मला मिळालेलं नाही. १९९६ चा पेसा कायदा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा) तुमच्याच गावाला लागू असण्याची शक्यता मोठी आहे, तोही वाचून ठेवा. ग्रामसभा तुमच्या शाळेबद्दल विचारू शकते.

एक सावधगिरी. नुसता अन्यायाचाच इतिहास सांगू नका, पोरं मान खाली घालतात. जव्हारला चौदाव्या शतकापासून १९४८ पर्यंत मुकण्यांचं संस्थान होतं, आणि मुकणे कोळी महादेव. चंद्रपूर हे गोंड राजांनी वसवलेलं शहर, तिथे अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्यांचंच राज्य. किल्ल्याचा कोट आजही उभा आहे. नगरकडच्या अकोले तालुक्यातल्या डोंगरातले राघोजी भांगरे इंग्रजांशी लढले आणि १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले, म्हणजे १८५७ च्या नऊ वर्षं आधी. बाबुराव शेडमाके १८५८ साली चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला. रायगडच्या चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० च्या जंगल सत्याग्रहात पोलिसांच्या गोळीने गेलेल्यांत नाग्या महादू कातकरी होते. माझ्या वर्गात कातकऱ्यांची तीन पोरं होती, नेहमी शेवटच्या रांगेत. नाग्याचं नाव मी फळ्यावर लिहिलं तेव्हा त्यातला एक उठून पुढे आला आणि आडनावाच्या जागी लिहिलेल्या 'कातकरी' या शब्दावर बोट ठेवून उभा राहिला. काही बोलला नाही.

कसं शिकवायचं? पाठाच्या आधी पाड्यापासून सुरू करा. पाड्याचं नाव कसं पडलं, विहीर कुणी खणली, बापाचा बाप कुठून आला, हे पोरांनी घरी विचारून यायचं. लिहून नको, सांगायचं. आठवड्यातून एक म्हातारं माणूस वर्गात बोलवा. खुर्ची द्या, ते जमिनीवर बसतील, मग तुम्हीही बसा.

वर्षाचं कॅलेंडर दोन असतात

एक शासनाचं, दुसरं भाताचं. दुसरं पहिल्या वर्षीच समजून घ्या. आमच्याकडे जुलैत आवणीला, म्हणजे भातलावणीला, घरातला प्रत्येक हात लागतो, आठवीतली मुलगी तेव्हा शाळेत दिसणार नाही. पहिल्या पावसाला रात्री खेकडे धरायला पोरं जातात आणि सकाळी वर्गात पेंगतात. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस, वाघदेवाची. कापणी झाली की तारपा वाजतो, नाच रात्र रात्र चालतो. सातपुड्यात दिवाळीपेक्षा होळी मोठी. अक्कलकुवा तालुक्यातली काठीची राजवाडी होळी बघायला दुरून माणसं येतात. तुमच्या परीक्षा यावर आदळल्या तर परीक्षा हरते, एवढं लक्षात ठेवून स्थानिक सुट्ट्या ठरवा. तो अधिकार वापरायचा असतो, गणपतीला गावी जाण्यासाठी साठवायचा नसतो.

दिवाळी झाली की कातकऱ्यांची घरं बंद होतात. भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्या. आवणीच्या आधी किंवा सणाला घेतलेली उचल फेडायला अख्खं कुटुंब जातं, पाऊस तोंडावर आला की परततं. नंदुरबारकडून ऊसतोडीला गुजरातेत. हे तुम्हाला रोखता येणार नाही. करता येतं ते एवढं: दिवाळीच्या सुट्टीआधी घरोघर जाऊन कोण कुठल्या भट्टीवर जाणार, मुकादम कोण, हे लिहून घ्या. शिक्षण हमी कार्ड भरून आईच्या हातात द्या, प्लास्टिकच्या पिशवीत घालून. भट्टीजवळच्या शाळेला फोन करा, म्हणजे तिथल्या गुरुजींना पोर येणार हे आधी कळेल. मागे राहू इच्छिणाऱ्या पोराला आजीकडे किंवा आश्रमशाळेत ठेवता येईल का ते बघा. आणि जूनमध्ये ते परत आलं की "सहा महिने कुठे उंडारत होतास?" हे नको. ते विटा थापत होतं.

तुमच्या पेनाने काय होतं

हजेरीपटाचं काम कारकुनी वाटतं. इथे तसं नाही.

नाव आधी. सोमवारी जन्मला म्हणून सोमा, बुधवारचा बुध्या, मंगळवारची मंगळी. जुन्या शिक्षकांनी यांची सरसकट संतोष, सुनील, संगीता केली. हेतू वाईट नव्हता. पण एका घरात बापाचं नाव दाखल्यावर एक, आधारवर दुसरं, आणि पाड्यावर तिसरंच, आणि त्या गोंधळात त्यांचा वनहक्काचा दावा अडकलेला मी बघितलाय. नाव आई-बाप सांगतील तेच लिहा. जन्मतारीख १ जून टाकून मोकळे होऊ नका. "वाघबारशीला दोन दिवस होते" असं आई सांगते ना, मग जुनं कॅलेंडर काढा.

जातीचा रकाना सगळ्यात जपून. कोळी आणि कोळी महादेव वेगळे. ठाकर, ठाकूर, कोकणा, कुणबी या शब्दांत एका अक्षराने माणूस यादीच्या आत किंवा बाहेर जातो. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचे पुरावे शोधतात आणि त्यात पहिलं काय बघतात? आजोबांचा शाळेचा दाखला. म्हणजे ७५ वर्षांपूर्वीच्या एखाद्या मास्तरांनी घाईत काय लिहिलं त्यावर आज नातवाचं मेडिकलचं ॲडमिशन अवलंबून असतं. तुम्ही आज लिहिताय ते ७५ वर्षांनी कुणीतरी बघणार आहे. धर्माच्या रकान्यातही स्वतःच्या मनाने काही भरू नका, विचारा.

भिंती, देव, दारू

आमच्या शाळेला रंगकामाचा निधी आला होता. तालुक्याच्या गावाहून पेंटर आला, मी कौतुकाने म्हटलं, वारली काढा. त्याने मोबाइलवर बघून बघून काढलं. स्वच्छतागृहाच्या भिंतीवर जागा रिकामी होती, तिथे मोठा चौकोन, त्यात देवी. दुसऱ्या दिवशीपासून बायका त्या बाजूने यायच्या बंद झाल्या. तो चौक होता. लग्नाच्या वेळी सवाशिणी घराच्या आतल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक घालतात, मध्ये पालघट देवी, आणि धवलेरी (लग्न लावणारी बाई) गाणी म्हणत असते. शोभेचं चित्र नाही ते. आणि वारली बाया चौक 'काढतात' म्हणत नाहीत, 'लिहितात' म्हणतात. ज्यांना आपण जनगणनेत निरक्षर लिहिलं त्या बाया पिढ्यान् पिढ्या भिंतीवर लिहीत होत्या. मी मुख्याध्यापकांची परवानगी काढून ती भिंत पांढरी केली. मग दोन आयांना विचारलं, इथे काय चालेल? त्यांनी झाडं, कोंबड्या आणि तारपाचा नाच सांगितला, आणि तो पोरांनीच काढला.

याचा अर्थ चित्रकला नकोच असं नाही. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी हीच कला कागदावर आणून जगभर नेली, २०११ साली पद्मश्री मिळवली. त्यांची गोष्ट जरूर सांगा. फक्त कुठलं देवाचं आणि कुठलं सगळ्यांचं, ते आधी विचारा. हिरवा, वाघोबा, कणसरी, सातपुड्यात याहा मोगी, मेळघाटात मुठवा, या देवांना "अंधश्रद्धा" या धड्यात ढकलू नका. कणसरी ही धान्याची देवी. ताटात अन्न टाकू नये हे शिकवायला तिच्याइतकी चांगली बाई सापडायची नाही.

भगताचं, पाड्यावरच्या देवऋषाचं काय? साप चावला, ताप डोक्यात गेला तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्र, यात तडजोड नाही. पण गाडी बोलावताना भगताला शिव्या घालण्याची गरज नसते. आमच्या पाड्यावर मी भगतालाच गाडीत बसवून न्यायला लागले. घरचे लगेच तयार होतात.

दारूबद्दल तुमच्या कानावर बरंच येईल. मोहाचं फूल हे अन्नही आहे आणि देवाच्या कार्यातलं नैवेद्यही. १८७८ च्या अबकारी कायद्याने घरची मोहाची दारू गुन्हा झाली आणि दुकानदाराची विकतची कायदेशीर झाली. कर्ज वाढलं ते तिथून. आणि १९२२ साली याच पालघरच्या किनाऱ्यावरून निघालेल्या देवीच्या चळवळीत नाशिक, खानदेश, सुरतकडच्या हजारो आदिवासींनी एकमेकांना शपथा घालून दारू सोडली होती. बाहेरच्या कुणी व्यसनमुक्तीचं व्याख्यान दिलं नव्हतं. व्यसनाचा प्रश्न आज खराच आहे, पण "हे असेच" म्हणणाऱ्याला एवढा इतिहास ऐकवा.

उरलेलं, पटकन

आदिवासी म्हणजे सगळे समान असं समजू नका. कातकऱ्यांच्या पोराशेजारी बसायला इतर आदिवासींची पोरंही कुरकुरतात, "उंदीर खाणारा" म्हणून चिडवतात. पारध्यांचं त्याहून वाईट. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी काही जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं, तो शिक्का १९५२ साली कागदावरून पुसला, पण वर्गात पेन्सिल हरवली की नजर अजून तिकडेच जाते. बसण्याची जागा दर सोमवारी बदला आणि पोषण आहाराची पंगत स्वतः बघा.

९ ऑगस्टला जागतिक आदिवासी दिन असतो. गावचा कार्यक्रम असेल तर पोरांसोबत पाहुणे म्हणून जा. शाळेत पोरांच्या कमरेला पानं गुंडाळून नाचवू नका. त्यांच्या आया घालतात ते लुगडं आहे, तेवढंच पुरे.

डब्यात नाचणीची भाकरी आणि शेवळाची (ही पावसाळ्यातली रानभाजी) भाजी असेल तर थोडी मागून खा. शेवळं नीट शिजवली नसली तर घसा खाजतो, आमसूल घातलंय का ते विचारा.

आणि बदली झालीच (होते, प्रत्येकाची होते) तर ती शब्दांची वही, कोण कुठल्या भट्टीवर जातं त्याची यादी, गोष्टी सांगणाऱ्या म्हाताऱ्यांची नावं, हे सगळं शाळेत ठेवून जा. कपाटाच्या कुठल्या कप्प्यात ठेवलंय ते चार्ज देताना पुढच्या शिक्षकाला तोंडी सांगा आणि चार्ज यादीतही लिहा. नाहीतर पहिल्याच साफसफाईत रद्दीत जाते. माझी पहिली वही तशीच गेली.